कसर

सांबराच्या मानेला कसर लागली होती.
टिपणिसांनी ते रिक्षातून आणलं, मांडीवर घेऊन,
शिंगं दोन्हीकडून बाहेर.
तलावपाळीच्या सिग्नलला म्हणे एका पोरानं
त्याच्यापुढे बिस्किट धरलं.

"विकता येत नाही," ते म्हणाले, "देता येत नाही,
टाकलं तर गुन्हा."
मागच्या फळीवर वनखात्याचा दाखला,
चिकटपट्टी पिवळी पडलेली.
नौपाड्यातलं घर रिडेव्हलपमेंटला गेलं.
नव्या फ्लॅटात भिंत आहे, पण सून म्हणते
जेवणाच्या टेबलासमोर मेलेलं डोकं नको.
"तुम्ही मणी ओवता ना, नुसतं झाकून द्या."

आमचं दुकान जांभळी नाक्याला, दीड फळीचं.
तीन पिढ्या मंगळसूत्रं गाठवतो.
जनावर कधी गाठवलं नव्हतं.

राबोडीची तबस्सुम माझ्याकडे कामाला.
तिने आधी स्वतःच्या नाकाला ओढणी बांधली, मग माझ्या.
"जुन्या कातड्यात सोमल असतं, बाजी.
आमच्या गल्लीत एक जण भुसा भरायचा,
त्याची नखं गेली."

ब्रशनं झाडलं तर केस पुंजक्यानं हातात आले.
खाली काथ्या, तार,
कानामागे पुट्टी.
खरवडली, तर करंगळी जाईल एवढं भोक.
येऊरच्या उतारावर, टिपणिसांचे आजोबा.
ही गोष्ट त्या घरात तीनदा बदलली आहे:
आधी ते सांबर भात खायचं,
मग ते अंगावर आलं,
आता ते म्हणे आधीच जखमी होतं.

डोळे मात्र शाबूत. नखानं वाजवून पाहिले.
काच.
म्हणजे पहिले दोन मणी
माझ्या आधीच कुणीतरी बसवून गेलेलं.

आठ दिवस रंग ठरेना.
तबस्सुम म्हणे सोनेरी घ्या, सुनेला आवडेल.
मी फिरोजी मांडला, मोडला.
मग माळ्यावरून अण्णांचा डालड्याचा डबा काढला.

बायका यायच्या. वाट्या काढून द्या म्हणायच्या.
सोनं रुमालात बांधून न्यायच्या,
काळे मणी फळीवर राहायचे.
कुणी परत येऊन मागितले नाहीत.
अण्णा ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालत नसत,
फेकतही नसत.
विकता येत नाही, देता येत नाही, टाकता येत नाही.
फक्त दाखला नव्हता.

दोन महिने लागले.
राळ आणि मेण कोमट करायचं, सर मांडायचा,
केस जिकडे वळतात तिकडे:
नाकाडावर आखूड, कपाळावर भोवरा,
मानेवर दाट, खाली ओघळणारे.
मध्येच एखादा मणी बोटाला थांबवायचा.
हा लांबोडका, माझ्या जन्माआधीचा.
हा हलका, प्लॅस्टिकचा;
त्या बाईला कुणीतरी फसवलं होतं,
आणि तिला ते कधी कळलं नसावं.

भोकापाशी आले.
"सोडायचं?" तबस्सुमनं विचारलं.
कसर भरून काढावी म्हणतात.
सत्तावीस मणी आत गेले, दिसेनासे झाले.
अठ्ठाविसावा वर बसला.

न्यायला सून आली.
तिने बोट फिरवलं, केसांच्या उलट दिशेनं.
"गार लागतंय," म्हणाली. "इतके काळे मणी कुठून आणलेत?"
"जुना माल," मी म्हटलं.
तिचा हात गळ्याशी गेला.
तिथे काहीच नव्हतं. ऑफिसला हल्ली कोण घालतं.
मग ओढणीत गुंडाळून, तान्ह्याला धरावं तसं,
तिने ते गाडीत मागच्या सीटवर ठेवलं
आणि पट्टा लावला.

डबा धुऊन फळीवर उपडा घातला होता.
चार दिवसांनी सुलटा करावा लागला.